पण लॉजिकली बघा...

टार्मोगॉइफ मेला की नाही, एवढाच प्रश्न होता. नाही मेला, एवढंच उत्तर होतं. ते द्यायला मला पाऊण मिनिट लागलं. पुढची अकरा मिनिटं कशात गेली, हे त्या टेबलाच्या स्लिपवर ‘जादा वेळ’ या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आकडा लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं होतं, तेही दिसतं.

ज्यांना मॅजिक: द गॅदरिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन जादूगार समोरासमोर बसतात, आपापल्या पत्त्यांतून एकमेकांवर राक्षस सोडतात आणि विजा पाडतात. प्रत्येकाकडे २० लाइफ. कुठल्या राक्षसाने नेमक्या कुठल्या क्षणी मरावं यावर एकमत झालं नाही की हात वर करून ‘जज!’ म्हणून ओरडायचं. मग जो माणूस चालत येतो आणि दोघांपैकी एकाला नाराज करून परत जातो, तो मी.

टार्मोगॉइफ हे २००७ सालच्या फ्यूचर साइट सेटमधलं (पत्त्यांच्या संचातलं) हिरवं क्रीचर, म्हणजे राक्षस. त्याची ताकद कार्डावर ठरावीक आकड्यात छापलेली नसते. दोन्ही खेळाडूंच्या ग्रेव्हयार्डमध्ये (मेलेल्या आणि वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) मिळून जितक्या प्रकारची कार्डं पडली असतील तितकी त्याची पॉवर (मारायची ताकद), आणि त्याहून एक जास्त टफनेस (तेवढं डॅमेज बसलं की मेला). (कार्डावर कंसात प्रकारांची यादी होती, तिच्यात ‘प्लेन्सवॉकर’ असाही एक शब्द होता. तेव्हा प्लेन्सवॉकर नावाचं एकही कार्ड जगात नव्हतं. ती त्याच वर्षी काही महिन्यांनी आली. म्हणजे हे क्रीचर जन्मापासूनच शंका निर्माण करण्याच्या कामावर आहे.) त्या टेबलावर दोघांच्या ग्रेव्हयार्डमध्ये मिळून एक क्रीचर आणि तीन लँड (माना, म्हणजे जादूची शक्ती, देणारी कार्डं) होत्या. लँड तीन असल्या तरी प्रकार एकच. एकूण प्रकार दोन, म्हणून गॉइफ २/३: पॉवर २, टफनेस ३. समोरच्याने त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला. एक लाल माना, ३ डॅमेज. टफनेस ३, डॅमेज ३. बोल्टवाला गॉइफला ग्रेव्हयार्डकडे सरकवायलाही लागला होता. गॉइफवाल्याने कार्ड दोन बोटांनी टेबलावर दाबून धरलं आणि दुसरा हात वर केला.

मी सांगितलं ते असं. बोल्ट रिझॉल्व्ह होतो, म्हणजे त्याचा परिणाम घडतो, ३ डॅमेज लागतं. मग बोल्टचं कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जातं. स्पेल (टाकलेला मंत्र) रिझॉल्व्ह होण्यातली ती शेवटची पायरी. त्यानंतर, कुणालाही प्रायॉरिटी (पुढची खेळी करायची संधी) मिळण्याआधी, खेळ स्वतः एकदा टेबलावरून नजर फिरवतो: कुणाची लाइफ शून्यावर गेली का, कुठल्या क्रीचरवर टफनेसइतकं डॅमेज साचलं का. याला स्टेट-बेस्ड ॲक्शन्स म्हणतात, नियम ७०४. ही नजर फिरते तोवर ग्रेव्हयार्डमध्ये बोल्टच्या रूपाने इन्स्टंट हा तिसरा प्रकार येऊन पडलेला असतो. गॉइफ ३/४ झालेला असतो. अंगावर ३ डॅमेज. जिवंत. हेच त्या दोन प्रकारांतला एक आधीच इन्स्टंट असता, तर बोल्टमुळे नवा प्रकार आला नसता आणि हाच २/३ गॉइफ सरळ मेला असता.

झालं. गॉइफवाला हसला. बोल्टवाल्याने मान हलवली; पटल्याची नव्हे, पण निमूटपणे पुढे खेळण्याची. मी वळलो.

“पण लॉजिकली बघा,” मागून आवाज आला.

बोल्टवाल्याच्या खुर्चीमागे एक गृहस्थ उभे होते. हाताची घडी, चष्मा कपाळावर. ते खेळत नव्हते. भाच्याला घेऊन आले होते आणि भाचा पहिल्याच फेरीत हरला होता, त्यामुळे दिवस मोकळा होता.

“गोळी लागली. माणूस मेला. पुंगळी नंतर खाली पडली. बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणालो. ही माझी पहिली चूक.

“मग पुंगळी पडली म्हणून मेलेला माणूस उठून बसतो का?”

“हा पुंगळ्या मोजूनच मोठा होतो,” मी म्हणालो. ही दुसरी. चांगलं उत्तर सुचलं की मला गप्प बसवत नाही.

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकून कार्डाकडे पाहिलं आणि पुन्हा कपाळावर चढवला. वाचलं नाही. पाहिलं.

“तीन लागले ना?”

“लागले.”

“तेव्हा तीनचाच होता ना?”

“तेव्हा तीनचाच होता.”

“मग तेव्हाच मेला.”

“मेला की नाही हे तपासावं लागतं.”

“कोण तपासतं?”

“खेळ.”

“आणि खेळाने तपासेपर्यंत तो मरत नाही.”

“नाही.”

“म्हणजे डॉक्टर येईपर्यंत कुणी मरतच नाही म्हणा की!” असं म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. एव्हाना शेजारच्या दोन टेबलांवरचे खेळ थांबले होते. कुणीतरी हसलं.

गंमत अशी की हे वाक्य बरोबर होतं. स्टेट-बेस्ड ॲक्शन्सचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. या खेळात डॉक्टर येईपर्यंत खरंच कुणी मरत नाही. एखाद्या स्पेलच्या मध्येच तुमची लाइफ उणे दोनवर गेली आणि त्याच स्पेलच्या पुढच्या ओळीने तुम्हाला चार मिळाली, तर तुम्ही हरलेले नसता. मध्ये कुणी पाहिलेलंच नसतं. पण हे मी त्यांना म्हणू शकलो नाही, कारण तोवर ते बोल्टवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून, माझ्याकडे बोट न दाखवता पण माझ्याबद्दलच, म्हणाले:

“नवीन असतील. त्यांना वेळ द्या. दुसरं कुणी मोठं आहे का विचारून बघ.”

आता अपील हा खेळाडूचा हक्क आहे. फ्लोअर जजचा निर्णय मान्य नसेल तर हेड जजला बोलावता येतं, आणि त्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं नसतं. मी वाटून घेतलं नाही. मी हेड जजला हाक मारायला गेलो तेव्हा माझा चेहरा अगदी सामान्य होता, असं मला वाटतं. हेड जज आले, कार्ड उचललं, ग्रेव्हयार्ड पाहिलं, आणि म्हणाले, “बोल्ट ग्रेव्हयार्डमध्ये पडल्यावर चेक होतो. तीन-चार आहे. जगला.” तीन वाक्यं. माझीच, फक्त मांस काढून.

“बघा!” गृहस्थ प्रसन्न झाले. “किती सोपं करून सांगितलं! मी मघापासून तेच म्हणतोय.”

टूर्नामेंटच्या नियमांत प्रेक्षकांसाठीही एक कलम आहे: चालू सामन्यात प्रेक्षकाने गप्प राहावं आणि ढवळाढवळ करू नये. जजने सांगितलं तर टेबलापासून दूर जावं. अडीचशेहून जास्त पानांच्या नियमावलीतलं कुठलं कलम कुठे आहे हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. हे एक कलम तेवढं त्या अकरा मिनिटांत आठवलं नाही.

‘लॉजिकली’ हा शब्द या खेळात घातक आहे, आणि त्यात त्या गृहस्थांचाच काय तो दोष नाही. कार्डांवर चित्रं असतात. वीज, राक्षस, तलवार, भूत. चित्र पाहिलं की गोष्ट सुचते आणि गोष्ट सुचली की माणूस वाचायचं थांबवतो. नियमांना गोष्ट माहीतच नसते. त्यांना शब्द माहीत असतात. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ केल्याने केवढा अनर्थ झाला हे सगळ्यांना पाठ आहे, पण ‘डिस्ट्रॉय’ आणि ‘सॅक्रिफाइस’ हे दोन वेगळे शब्द आहेत असं सांगितलं की लोक “तेच ते” म्हणतात. तेच ते नाही. इन्डिस्ट्रक्टिबल क्रीचर डिस्ट्रॉय होत नाही, कितीही डॅमेज लागलं तरी मरत नाही. पण सॅक्रिफाइस करायला (स्वतःच बळी द्यायला) लागलं तर जातं, एक्झाइल केलं (खेळाबाहेर काढलं) तर जातं, आणि टफनेस शून्यावर आणली तर गुपचूप ग्रेव्हयार्डमध्ये पडतं. ‘ड्रॉ’ करणं आणि ‘वरच्या पत्त्यांतला एक हातात घेणं’ यातही फरक आहे. पत्ता हातातच येतो, पण दुसऱ्याला ड्रॉ म्हणत नाहीत, आणि ड्रॉवर चालणारी ट्रिगर (ड्रॉ झाला की आपोआप घडणारी कामं) त्याने हलत नाहीत. टार्गेट तेव्हाच, जेव्हा कार्डावर किंवा त्यामागच्या नियमात ‘टार्गेट’ हा शब्द लिहिलेला असतो. तुम्ही त्या क्रीचरकडे रोखून पाहिलंत, बोट दाखवलंत, नाव घेऊन धमकी दिलीत, तरी शब्द नसेल तर टार्गेट नाही.

प्रोटेक्शनवरून तर रोज भांडण होतं. ‘प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइट’ असलेलं क्रीचर पांढऱ्या रॅथ ऑफ गॉडने मरतं का? मरतं. प्रोटेक्शन चारच गोष्टी अडवतं: त्या रंगाकडून होणारं डॅमेज, त्या रंगाचं काही अंगावर चढवणं, त्या रंगाच्या क्रीचरने ब्लॉक करणं आणि त्या रंगाने टार्गेट करणं. रॅथ यातलं काहीच करत नाही. तो सगळ्यांना सरसकट डिस्ट्रॉय करतो. “पण प्रोटेक्शन म्हणजे संरक्षण ना, दादा?” असं विचारताना त्या मुलाचे डोळे भरून येतात. माझेही येतील, पण माझ्यामागे आणखी तीन हात वर असतात.

खेळ निघाला तेव्हाही हेच होतं. १९९३ साली रिचर्ड गारफिल्डने तो आणला. त्याआधी चाचणी चालू असताना टाइम वॉक या कार्डावर ‘ऑपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न’ असं लिहिलं होतं. म्हणायचं होतं, समोरच्याची पुढची पाळी जाते. एका खेळाडूने वाचलं, समोरचा पुढच्या पाळीला हरतो, आणि हातात हुकमी विजय आल्यासारखा खूश झाला. छापताना मग ‘ही पाळी संपली की आणखी एक पाळी घ्या’ असं झालं. चूक त्या खेळाडूची नव्हतीच. वाक्याचे दोन्ही अर्थ निघत होते. या खेळातली पहिली जज-हाक बहुधा तीच असावी, फक्त तेव्हा जज नव्हते.

नियमावलीच्या सुरुवातीलाच, १०१ क्रमांकाखाली, सुवर्णनियम आहेत. पहिला: कार्ड आणि नियम यांच्यात विरोध असेल तर कार्ड जिंकतं. दुसरा: एक इफेक्ट ‘करता येईल’ म्हणतो आणि दुसरा ‘करता येणार नाही’ म्हणतो, तर ‘नाही’ जिंकतो. आणि पहिल्याला एकच अपवाद दिलेला आहे. हार मानण्याचा हक्क कुठलंही कार्ड हिरावून घेऊ शकत नाही. प्लॅटिनम एंजल तुमच्या बाजूला उभी असेल, ‘तुम्ही हरू शकत नाही’ असं तिच्या कार्डावर छापलेलं असेल, लाइफ उणे चाळीस असेल, तरी तुम्ही उठून “हरलो” म्हणू शकता आणि तुम्ही हरता. खेळाडूला ही सोय आहे. जजला नाही.

माझी खरी तक्रार तर वेगळीच आहे. लोक अर्धा प्रश्न विचारतात. “माझं क्रीचर मेलं की मला मिळतं ना?” काय मिळतं? कुठलं क्रीचर? कुणाच्या पाळीत? मेलं म्हणजे कसं? हे विचारलं की समोरचा असा चेहरा करतो जणू मी त्याचा घरचा पत्ता विचारला. पूर्ण टेबल सांगितलं तर उत्तर आपल्या विरुद्ध जाईल अशी त्याला शंका असते. बहुतेक वेळा ती खरी असते. म्हणून मी आता काहीही सांगण्याआधी कार्ड मागून घेतो आणि मोठ्याने वाचतो. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. मिटले की प्रश्न विचारणारा कार्डाकडे असं बघतो, जणू ते कार्ड त्याच्यामागे फितूर झालं.

वाचतानाही छापील मजकुरावर विसंबून चालत नाही. जुन्या कार्डांचं अधिकृत शब्दांकन ऑरॅकलमध्ये असतं आणि तेच लागू होतं. ॲनिमेट डेड हे पहिल्या सेटपासूनचं कार्ड: ग्रेव्हयार्डमधलं क्रीचर उठवून आणतं. एवढंच. पण त्याच्या आजच्या मजकुरात ते कार्ड आधी ग्रेव्हयार्डमधल्या क्रीचर कार्डाला चिकटतं, मग स्वतःची चिकटण्याची अट विसरतं, नवी अट शिकतं, क्रीचर आणतं आणि पुन्हा त्यालाच चिकटतं. एवढं वाचून होईपर्यंत विचारणाऱ्याने सहसा विचारणंच सोडलेलं असतं.

कार्ड वाचलं की कोलन शोधायचं. कोलनच्या डावीकडे किंमत, उजवीकडे काम. किंमत भरली जात असताना मध्ये कुणालाही तोंड उघडता येत नाही. ‘हे क्रीचर सॅक्रिफाइस करा’ हे कोलनच्या डावीकडे असेल, तर “मी त्याआधी त्याला मारतो” म्हणण्यात अर्थ नाही. तुम्ही ऐकलंत तेव्हा ते गेलेलं असतं. कोलन नसेल तर ‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘ॲट’ने वाक्य सुरू होतं का बघायचं: ते ट्रिगर, स्टॅकवर (घडायची वाट बघणाऱ्या गोष्टींच्या चळतीवर, जिथे वरचं आधी घडतं) जातं, त्याला उत्तर देता येतं. ‘इन्स्टेड’ दिसलं की ती रिप्लेसमेंट. ती स्टॅकवर जातच नाही, घटनाच बदलून टाकते.

आणि तो सनातन प्रश्न. “त्याने ॲबिलिटी वापरली, मी उत्तरादाखल क्रीचरच मारलं. मग ॲबिलिटी गेली ना?” नाही. स्टॅकवर चढलेली ॲबिलिटी, म्हणजे कार्डावर लिहिलेली करामत, तिच्या कार्डापासून वेगळी झालेली असते. नियम ११३.७अ. बाण सुटल्यावर धनुष्य मोडून उपयोग नाही, असं मी सांगतो. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की एकदा एका मुलाने माझ्याआधीच “बाण?” असं विचारलं आणि मी नुसती मान हलवली.

याच तत्त्वावर ऑब्लिव्हियन रिंगचा कावा चालतो. २००७ चं कार्ड. त्याला दोन ट्रिगर: आत येताना समोरचं काहीतरी एक्झाइल कर, बाहेर जाताना ते परत दे. पहिला ट्रिगर स्टॅकवर असतानाच रिंग घालवली, तर ‘परत दे’ त्याच्यावर चढतो आणि आधी सुटतो. परत द्यायला अजून काही नेलेलंच नाही. मग ‘ने’ सुटतो आणि नेतो. कायमचं. पुढच्या काळात अशा कार्डांचं शब्दांकन ‘जोवर हे टेबलावर आहे तोवर’ असं बदलून ही पळवाट बुजवली. पण जुनी रिंग जुनीच आहे, आणि ज्याचं कार्ड कायमचं गेलं त्याला “लॉजिकली परत यायला हवं” असंच वाटत राहतं. खरं सांगायचं तर मलाही वाटतं.

दुसरी जात ‘समजा’वाल्यांची. यांच्या टेबलावर काहीच घडलेलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत गाठून ते म्हणतात, “समजा, मी लायब्ररीत शोधतोय...” आणि मला कळतं की पॅनग्लेशियल वर्म येतोय. २००६ चं हे कार्ड म्हणतं, तुम्ही लायब्ररीत, म्हणजे अजून न ओढलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात, शोधत असताना हे लायब्ररीतूनच कास्ट करू (खेळू) शकता. म्हणजे अख्खा डेक हातात पसरलेला, एका कार्डाचा परिणाम अर्ध्यावर, आणि मध्येच दुसरं कार्ड कास्ट करायला माना काढायच्या. आता समजा, माना देणारं क्रीचर मिलिकिन आहे, आणि त्याची किंमत ‘लायब्ररीचं वरचं कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये टाका’ अशी आहे. वरचं म्हणजे कुठलं, जेव्हा सगळीच हातात आहेत? या प्रश्नाने मोठमोठे जज गप्प झालेत. विचारणारा मात्र कधीच वर्म खेळत नाही. मी विचारलंय.

‘समजा’वाल्यांना शांत करायला माझ्याकडे एक गोष्ट आहे. २०१९ साली तीन संशोधकांनी पेपर लिहून दाखवून दिलं की मॅजिकमध्ये ट्युरिंग मशीन (संगणकाला जमेल ते सगळं करणारं काल्पनिक यंत्र) उभं करता येतं. खऱ्या कार्डांनी, खऱ्या नियमांत, दोन खेळाडूंच्या सामन्यात. म्हणजे असा एखादा डाव असू शकतो की कोण जिंकणार हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत कुठल्याही संगणकाकडे असणं शक्य नाही. हे ऐकून ते समाधानाने निघून जातात. मला मात्र यातून जराही समाधान मिळत नाही. संगणकाला जे जमत नाही ते माझ्याकडून पाऊण मिनिटात हवं असतं.

लेयर्सबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांचा नियम ६१३ वगळून या विषयावर लिहिणं म्हणजे लग्नाच्या अल्बमात नवरा नसणं. अनेक इफेक्ट एकाच वेळी लागू असतील तर ते सात थरांत, ठरावीक क्रमाने लागतात: कॉपी, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, ॲबिलिटी, आणि शेवटी पॉवर-टफनेस. एकाच थरात भांडण झालं तर आधी आलेला आधी लागतो. पण एकामुळे दुसऱ्याचं अस्तित्वच बदलत असेल तर ज्याच्यावर अवलंबून आहे तो आधी लागतो, मग कोण केव्हा आलं याला किंमत नाही. ब्लड मून म्हणतं, बेसिक (अगदी साध्या) नसलेल्या सगळ्या लँड माउंटन आहेत. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ ही लँड म्हणते, सगळ्या लँड स्वॅम्पही आहेत. अर्बोर्ग स्वतः बेसिक नाही. मग ती माउंटन झाली, तिचं म्हणणं पुसलं गेलं, तिच्यामुळे स्वॅम्प कुणीच नाही. अर्बोर्ग आधी आलेली असो की नंतर. “पण मी आधी ठेवली होती!” असो.

आणि शिखरावर ह्युमिलिटी. १९९७. शब्दाचा अर्थ नम्रता, आणि या एका कार्डाने जितका अहंकार जागवला तितका दुसऱ्या कुठल्या कार्डाने जागवला नसेल. ती म्हणते, सगळी क्रीचर्स ॲबिलिटी गमावतात आणि १/१ होतात. ती स्वतः एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारा मंत्र), क्रीचर नव्हे, म्हणून तिला झळ नाही. मग १९९९ मध्ये ओपलेसन्स आलं. ते म्हणतं, ऑरा (दुसऱ्या कशाला तरी चिकटणारं एन्चांटमेंट) नसलेलं बाकीचं प्रत्येक एन्चांटमेंट क्रीचर आहे आणि त्याची पॉवर-टफनेस त्याच्या माना व्हॅल्यूइतकी, म्हणजे ते खेळायला जितकी माना लागते तितकी. दोन्ही टेबलावर. ह्युमिलिटी क्रीचर झाली. क्रीचर झाली म्हणून तिने स्वतःचीच ॲबिलिटी काढून घेतली. काढून घेतली, तर काढून घेणारी राहिली कुठे? उत्तर असं, की सहाव्या थरात सुरू झालेला इफेक्ट सातव्यात पुढे चालूच राहतो, मग त्याची मूळ ॲबिलिटी वाटेत गेली तरी बेहत्तर. आणि सातव्यात दोघींतली जी नंतर आली ती शेवटी लागते: ह्युमिलिटी नंतर आली तर ती १/१, ओपलेसन्स नंतर आलं तर ह्युमिलिटी, तिची माना व्हॅल्यू ४ म्हणून, ४/४. हे मी एकदा कागदावर काढून समजावलं. ऐकणारा म्हणाला, “म्हणजे दोन्ही बरोबर?” मी हो म्हणालो. ते उत्तर नव्हतं. मला पाणी प्यायचं होतं.

जुन्या खेळाडूंना नियम माहीत असतात, हीच त्यांची अडचण. ते ज्या वर्षी थांबले त्या वर्षीचे माहीत असतात. “टॅप झालेला (वापरून आडवा केलेला) ब्लॉकर डॅमेज देत नाही” म्हणणारा १९९९ च्या आधी थांबला. त्या वर्षी सिक्स्थ एडिशनने स्टॅक आणला आणि बरंच काही झाडून काढलं. “डॅमेज स्टॅकवर ठेवून क्रीचर सॅक्रिफाइस करतो” म्हणणारा २००९ च्या आधी. न वापरलेल्या मानाने लाइफ जाते म्हणणाराही तेव्हाचाच. एकाच नावाचे दोन लेजंड समोरासमोर आले की दोघेही मरतात म्हणणारा २०१३ च्या आधी. आणि अनेक ब्लॉकर असले तर आधी त्यांची रांग जाहीर करायची असते म्हणणाऱ्याला तर मी हसूच शकत नाही, कारण तो नियम २०२४ मध्ये गेला आणि मीही परवापर्यंत तीच रांग लावून देत होतो.

शेवटी तो प्रश्न, जो प्रश्नच नसतो. “मग मी काय करू?” जजने सल्ला द्यायचा नसतो. विचारलं तेवढंच सांगायचं. काँपिटिटिव्ह पातळीवर तर ‘गॉइफ आत्ता किती मोठा आहे?’ हेसुद्धा खेळाडूने स्वतः मोजायचं, जजने मोजायला मदत करायची नाही. मी ग्रेव्हयार्डमध्ये काय काय आहे ते बघत असतो, आकडा मला लख्ख दिसत असतो, आणि मी म्हणतो, “कार्ड वाचून दाखवू का?” मग ते माझा चेहरा वाचतात. भुवई हलली का, ओठ मिटले का. त्यामुळे टेबलाजवळ मी एक विशिष्ट चेहरा करून उभा राहतो. हाच चेहरा करून मी त्या दिवशी उभा होतो, आणि त्यालाच त्या गृहस्थांनी ‘नवीन असतील’ म्हटलं.

तर गॉइफ जगला. हेड जज गेले. मी स्लिपवर जादा वेळ लिहीत होतो तोवर बोल्टवाल्याची पाळी आली. त्याने पत्ता घेतला, एका पांढऱ्या मानासाठी लँड टॅप केली आणि गॉइफवर स्वॉर्ड्स टु प्लाउशेअर्स टाकलं. क्रीचर एक्झाइल होतं आणि त्याच्या पॉवरइतकी लाइफ ते ज्याच्या ताब्यात होतं त्याला मिळते. गॉइफवाल्याने गुपचूप ३ लाइफ लिहून घेतली आणि गॉइफ उचलून बाजूला ठेवला. हात वर झाला नाही. कुणी काही विचारलं नाही. मी शांतपणे निघालो.

“हे काय झालं?” मागे गृहस्थ भाच्याला विचारत होते.

“तलवार टाकून त्याला शेती करायला पाठवलं, मामा.”

गृहस्थांनी थोडा विचार केला.

“हां,” ते म्हणाले. “हे लॉजिकल आहे.”